बायोप्रिंटेड स्कॅफोल्डला बळकटी कशी द्यावी: नव्याने प्रयोग सुरू करणाऱ्यांसाठी

बायोप्रिंटिंग, म्हणजे पेशी मिसळलेले जेल यंत्राने थरावर थर छापणे, शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एकच तक्रार घेऊन येतो. पेशींना आधार देणारी जाळी, म्हणजेच स्कॅफोल्ड, छापली जाते, दिसायला सुबकही असते, पण चिमट्याने उचलायला जावे तर तुटते आणि इन्क्युबेटरमध्ये आठवडाभर ठेवली की बसकी होऊन पसरते. त्यावर सुचणारा पहिला उपायही ठरलेलाच असतो, तो म्हणजे बायोइंक (छापायचे जेल) घट्ट करणे. २ टक्के अल्जिनेटचे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलद्रव्याचे) ४ टक्के होतात, मग ६ टक्के. जाळी उभी राहते खरी, पण छापताना लागणाऱ्या दाबाने काही पेशी मरतात आणि उरलेल्या दाट जेलमध्ये अडकून बसतात. या लेखात कूर्चेसाठी छापायची अल्जिनेट आणि जिलेटिनची जाळी हे एकच उदाहरण घेऊन बळकटीचा मार्ग पायरीपायरीने मांडला आहे. त्यामागचा विचार एवढाच की जेल पेशींना मानवेल इतके मऊच राहू द्यावे आणि भार पेलण्याचे काम शक्यतो दुसऱ्या घटकावर सोपवावे.

पहिली पायरी: कोणती बळकटी हवी ते ठरवणे

‘बळकट’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दाबल्यावर किती दबते हा ताठरपणा, किती ताणाला तुटते ही ताकद, चीर पडल्यावर ती पुढे किती सहज धावते यावरून ठरतो तो चिवटपणा, आणि मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) किती दिवस हे गुण टिकतात तो टिकाऊपणा. चायना ग्रासची वडी ताठ असते, पण वाकवली की कडकन मोडते. रबरी फीत मऊ असूनही चिवट असते. जाळी चिमट्यात तुटत असेल तर दुखणे बहुधा चिवटपणाचे असते आणि इन्क्युबेटरमध्ये बसत असेल तर टिकाऊपणाचे. दोन्हींना ‘अजून घट्ट इंक’ हे एकच औषध देणे चुकीचे आहे.

मग लक्ष्य आकड्यात लिहावे. सांध्यातील कूर्चेचा दाबाखालचा मापांक (ताठरपणाचे माप) साधारण ०.५ ते १ मेगापास्कल असतो, तर २ टक्क्यांच्या आसपासच्या अल्जिनेट जेलचा काही किलोपास्कलपासून काही दशक किलोपास्कलपर्यंत. म्हणजे अंतर कित्येक पटींचे आहे आणि ते नुसत्या घट्टपणाने भरून निघणारे नाही. शिवाय पेशींना ताठरपणा कळतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एंगलर आणि सहकाऱ्यांच्या कामात मूलपेशी सुमारे १ किलोपास्कलच्या मऊ पृष्ठभागावर चेतापेशींसारख्या, १० किलोपास्कलच्या आसपास स्नायूपेशींसारख्या आणि २५ ते ४० किलोपास्कलवर अस्थिपेशींसारख्या वळण घेताना दिसल्या. म्हणून ‘जितके ताठ तितके चांगले’ हे गृहीतक पहिल्याच दिवशी सोडून द्यावे.

दुसरी पायरी: साधी इंक नीट बनवणे

सुधारणा करायची तर आधी जिची सुधारणा करायची ती इंक दर वेळी सारखी बनली पाहिजे. ३ टक्के अल्जिनेट आणि ७ टक्के जिलेटिन ही सुरुवातीला पुरेशी चांगली जोडी आहे. जिलेटिन सुमारे ४० अंश सेल्सियसला विरघळवून त्यात अल्जिनेटची भुकटी थोडी थोडी, ढवळत टाकावी. एकदम ओतल्यास बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर नोझलमध्ये अडकतात. निर्जंतुकीकरणासाठी अल्जिनेटचे द्रावण ऑटोक्लेव्ह करण्याचा (दाबाखालच्या वाफेत तापवण्याचा) मोह टाळावा, कारण उष्णतेने त्याच्या साखळ्या तुटून लहान होतात, द्रावण पातळ होते आणि जेलची ताकद कायमची घटते. पातळ द्रावण ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून नंतर सुकवणे किंवा निर्जंतुक भुकटी विकत घेणे हे दोन मार्ग बरे.

पेशी मिसळल्यावर इंक पातळ होते, याचा हिशेब नवख्यांकडून हमखास राहून जातो. नऊ भाग इंकमध्ये एक भाग पेशींचे द्रावण घातले की ३ टक्क्यांचे २.७ टक्के झाले. म्हणून मूळ इंक तेवढ्या प्रमाणात दाट बनवावी. सिरिंज भरल्यावर ती हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढावेत, कारण तंतूत राहिलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे तयार चीरच असते. पेशी मिसळण्यापूर्वीच हे केलेले बरे, नाहीतर पेशीही तळाला जातात.

छपाई २० ते २५ अंशांच्या दरम्यान करावी. इंक योग्य झाली आहे की नाही हे ओळखायला घरच्या सोऱ्याचा अनुभव उपयोगी पडतो. चकलीचे पीठ सैल झाले तर काटे उठत नाहीत आणि घट्ट झाले तर चकली वळताना तुटते, इथेही तसेच. नोझलच्या तोंडाशी थेंब जमून लोंबू लागला तर इंक गरम आहे. खरबरीत, तुटक दोरी बाहेर आली तर जिलेटिन गरजेपेक्षा जास्त थंड होऊन गोठले आहे. गुळगुळीत, सलग तंतू सेंटिमीटरभर तरी न तुटता लोंबला की छपाई सुरू करावी. छापून झाल्यावर जाळी १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ५ ते १० मिनिटे बुडवावी.

तिसरी पायरी: मोजमाप, आणि तेही आधी

काहीही बदलण्यापूर्वी या साध्या जाळीचे आकडे हाती हवेत. ८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ४ मिलिमीटर उंचीच्या चकत्या कराव्यात. काही छापून, काही साच्यात ओतून. छापलेली चकती ओतलेलीपेक्षा किती कमी ताठ भरते, यावरून पदार्थाचा दोष किती आणि छपाईचा किती हे कळते.

या चकत्यांवर पडणारे बल किती लहान असते ते एकदा कागदावर काढून पाहावे. ८ मिलिमीटर व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. मापांक २० किलोपास्कल धरला तर १० टक्के दाबल्यावर प्रतिबल २ किलोपास्कल, म्हणजेच बल केवळ ०.१ न्यूटन, दहा ग्रॅमच्या वजनाइतके. मी सुरुवातीला लोखंडी सळ्या ओढून तोडणाऱ्या यंत्रावर ही चाचणी केली होती आणि आलेख म्हणून जी रेघ मिळाली ती यंत्राची स्वतःची थरथर होती. त्यासाठी ५ किंवा १० न्यूटनची लोडसेल (बल मोजणारा संवेदक) लागते.

व्यास मोजताना चूक झाली तर ती वर्गाने वाढते: ८ ऐवजी ८.४ मिलिमीटर धरले तर क्षेत्रफळात आणि पर्यायाने मापांकात १० टक्के फरक पडतो. जेल फुगते, म्हणून व्यास चाचणीच्या दिवशीच मोजावा, साच्यावर छापलेला आकडा वापरू नये. चकती ३७ अंशांच्या द्रवात बुडलेली असावी, दाबण्याचा वेग सर्व नमुन्यांना सारखा असावा आणि मापांक १० ते १५ टक्के दाबाच्या सरळ भागातून काढावा; सुरुवातीची वाकडी शेपटी बहुधा वरचा पृष्ठभाग समपातळीत नसल्याची खूण असते. दर गटात निदान पाच नमुने आणि दिवस १, ७ व २१ अशा तीन वेळा मोजणी असावी. यंत्र मिळत नसेल आणि ऱ्हिओमीटर (जेल पिळून त्याचा प्रतिकार मोजणारे यंत्र) असेल तर त्यावर मिळणाऱ्या कर्तन मापांकाच्या तिपटीला ताठरपणा मानता येतो, कारण पाण्याने भरलेले जेल दाबाखाली घनफळ जवळजवळ बदलत नाही.

चौथी पायरी: कॅल्शियमची गळती थांबवणे

अल्जिनेटच्या साखळीतील ग्युल्युरोनिक आम्लाचे पट्टे कॅल्शियमच्या आयनांना दोन बाजूंनी कवेत घेतात. १९७३ पासून या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली जाते. हा बंध झटपट जुळतो आणि पेशींना त्रास देत नाही, पण तो कायमचा नसतो. मीडियममधील सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतो, फॉस्फेट त्याला ओढून घेते आणि जेल सैल पडते.

माझ्या पहिल्या मालिकेत सहाव्या दिवशी मीडियम बदलताना पिपेटच्या टोकाशी जाळीचा एक तंतू आला आणि शेवयीसारखा आत खेचला गेला. पाठोपाठ अर्धी जाळी गेली. मी दर दोन दिवसांनी ती जाळी पीबीएसने, म्हणजे फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणाने, मनापासून धूत होतो; ताटलीच्या तळाशी जमणारा पांढुरका गढूळपणा हे कॅल्शियम फॉस्फेट आहे हे कळायला उशीर झाला. शिवाय दुसरी गळती चालूच होती. ३ टक्के अल्जिनेट आणि ७ टक्के जिलेटिन असलेल्या इंकमध्ये घन द्रव्याचा ७० टक्के भाग जिलेटिनचा असतो, तो कशानेही बांधलेला नसतो आणि ३७ अंशांना विरघळून बाहेर पडू शकतो. आकार जिलेटिनने दिला होता, आणि तेच निघून गेले होते.

यावरचे उपाय साधे आहेत. धुण्यासाठी पीबीएसऐवजी फॉस्फेट नसलेले हेपीस बफरचे क्षारद्रावण वापरावे आणि त्यात काही मिलिमोलर कॅल्शियम ठेवावे. नेहमीच्या डीएमईएम मीडियममध्ये ते १.८ मिलिमोलर असतेच, पण फॉस्फेटही असते, हे लक्षात घ्यावे. ग्युल्युरोनिक आम्लाचे प्रमाण जास्त असलेले अल्जिनेट अधिक ताठ जेल देते. बेरियम कॅल्शियमपेक्षा घट्ट धरतो हे खरे, पण सुटा बेरियम विषारी असल्याने नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बाहेरून कॅल्शियम दिल्यावर जाड वस्तूचे कवच आधी गोठते आणि गाभा मऊ राहतो. साच्यात ओतायच्या चकत्यांसाठी कॅल्शियम कार्बोनेट आणि हळूहळू आम्ल सोडणारे ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरले तर बंध सगळीकडे सारखे जुळतात.

पाचवी पायरी: जिलेटिनला पक्के बांधणे

निसटणारे जिलेटिन थांबवायचे तर त्यावर प्रकाशाने जुळणारे गट बसवलेले रूप, म्हणजे जेलमा (मेथाक्रिलेट जोडलेले जिलेटिन), वापरणे हा सध्याचा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. ५ ते १० टक्के जेलमा, ०.१ ते ०.२५ टक्के एलएपी हा प्रकाश-आरंभक आणि ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा प्रकाश एवढ्यावर सुरुवात होते. जुन्या लेखांत दिसणारा इर्गाक्युअर २९५९ हा आरंभक ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मागतो, म्हणून पेशींच्या दृष्टीने एलएपी बरा.

नोंदवहीत नुसते ‘६० सेकंद प्रकाश दिला’ असे लिहून भागत नाही. दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट तीव्रतेने ६० सेकंद म्हणजे ६०० मिलिज्यूल. दिवा जवळ सरकवला की हा आकडा बदलतो. हवेतील ऑक्सिजन वरच्या थरातली प्रक्रिया मंदावतो, त्यामुळे पृष्ठभाग बुळबुळीत राहिला तर आरंभक वाढवण्याआधी वर पातळ काच ठेवून पाहावी. इंकची सिरिंज अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावी. आरंभक आणि प्रकाश दोन्ही वाढवत नेले तर तयार होणारे मुक्त मूलक पेशींना इजा करतात.

इथेच दाट जेलचा सापळा पुन्हा समोर येतो. बंध वाढले की जाळ्याची छिद्रे आक्रसतात आणि पेशींना हातपाय पसरायला जागा राहत नाही. कूर्चापेशींना गोल राहणेच आवडते, म्हणून त्यांना हे काही प्रमाणात चालते. स्नायूपेशी किंवा तंतुपेशी मात्र गोल राहिल्या तर काम बिघडले असे समजावे.

अल्जिनेट आणि जेलमा एकत्र वापरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे दुहेरी जाळे. जियान पिंग गोंग यांच्या होक्काइडो विद्यापीठातील गटाने २००३ मध्ये दाखवले की एक ठिसूळ आणि एक लवचिक अशी दोन जाळी एकमेकांत गुंतवली तर चिवटपणा प्रचंड वाढतो. चीर पुढे जाताना ठिसूळ जाळ्याचे बंध तुटत ऊर्जा खातात आणि लवचिक जाळे वस्तू एकसंध धरून ठेवते. २०१२ मध्ये अल्जिनेट आणि पॉलिअॅक्रिलामाइडच्या अशा जेलची भंगऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे ९००० ज्यूल भरली होती. अॅक्रिलामाइडचा सुटा रेणू चेतासंस्थेला घातक असल्याने पेशींसोबत तोच नुस्खा वापरता येत नाही. तत्त्व मात्र घेता येते: कॅल्शियमचे बंध तुटून पुन्हा जुळणारे, जेलमाचे कायमचे. चिमट्यात तुटणाऱ्या जाळीवरचा खरा उपाय हा आहे.

सहावी पायरी: भरणद्रव्य, जपून

सेल्युलोजचे नॅनोतंतू अल्जिनेटमध्ये मिसळण्याचे काम स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठातील गटाने २०१५ मध्ये कूर्चापेशींसह दाखवले. या तंतूंमुळे इंक नोझलमध्ये सहज वाहते आणि बाहेर आल्यावर लगेच थबकते, त्यामुळे आकार रेखीव येतो. नॅनोसिलिकेटची माती असेच काम करते, मात्र ती आधी शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळलेली दिसेपर्यंत ढवळावी. थेट क्षारद्रावणात टाकल्यास गठ्ठे होतात. हाडासाठी हायड्रॉक्सिअॅपटाइट घालतात, पण कूर्चेच्या जाळीत त्याचे काम नाही. कोणतेही कण नोझलच्या व्यासाच्या दहाव्या भागापेक्षा लहान असावेत.

सातवी पायरी: भार तंतूंवर टाकणे

कोकणातल्या जुन्या घरांतली कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पायरी समजावून सांगावी लागणार नाही. कारवीच्या काठ्या विणून उभ्या करतात आणि त्यावर शेणमातीचा गिलावा देतात. नुसती माती ढासळते, नुसत्या काठ्या वाकतात, दोन्ही मिळून भिंत उभी राहते. बायोप्रिंटिंगमध्ये कारवीची जागा पीसीएल, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, घेतो. तो सुमारे ६० अंशांना वितळतो, शरीरात दोन-तीन वर्षांत विरघळतो आणि जेलपेक्षा हजारो पटींनी ताठ असतो.

वितळलेल्या पीसीएलचे केसाहून बारीक तंतू विद्युतक्षेत्राने ओढून जाळी विणणारी पद्धत वापरून २०१५ मध्ये एका गटाने जेलमा भरलेली चकती बनवली. नुसत्या जेलच्या किंवा नुसत्या जाळीच्या तुलनेत मिश्र वस्तूचा ताठरपणा ५४ पटींपर्यंत वाढला आणि कूर्चेच्या जवळ पोहोचला. कूर्चापेशी आत जिवंत आणि गोलच राहिल्या. हे घडण्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. वरून दाब दिला की पाण्याने भरलेले जेल दबत नाही, बाजूला फुगू पाहते. तंतू त्याला फुगू देत नाहीत आणि स्वतः ताणले जातात. बारीक तंतू दाबाखाली वाकतात, पण ताणाखाली भक्कम असतात. जेल बाजूला ढकलते आणि तंतू धरून ठेवतो, म्हणून बेरीज गुणाकारासारखी वाढते. हे होण्यासाठी जेल जाळीत काठोकाठ भरलेले असले पाहिजे. कोपऱ्यात हवा राहिली तर फायदा जातो.

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट येथील गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यंत्रात पेशींचे जेल आणि पीसीएलचा आधार एकाच वेळी छापून कानाच्या आकाराची कूर्चा आणि जबड्याच्या हाडाचा तुकडा बनवला होता. साध्या प्रयोगशाळेत दोन नोझलचे यंत्र पुरते: आधी पीसीएलची जाळी, ती पूर्ण थंड झाल्यावर जेल. गरम तंतूला लागून पेशी टाकू नयेत. पीसीएल पाण्याला दूर ढकलतो, म्हणून जेल त्यावरून सुटून येते; जाळी आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून, भरपूर धुऊन पृष्ठभाग पाणी धरणारा करावा. निर्जंतुकीकरण ७० टक्के इथेनॉलने करावे. ऑटोक्लेव्हमध्ये पीसीएलची जाळी टाकल्यास बाहेर जे निघते त्याला नाणे म्हणावे लागते.

आठवी पायरी: रचना

सच्छिद्र वस्तूचा ताठरपणा तिच्या सापेक्ष घनतेच्या साधारण वर्गाप्रमाणे बदलतो. पदार्थ निम्मा केला की ताठरपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. छिद्रे टाळताही येत नाहीत, कारण ऑक्सिजन ऊतीत सुमारे २०० मायक्रोमीटरपर्यंतच पुरेसा झिरपतो. म्हणून छिद्रे ठेवावीत, पण थर एकमेकांत थोडे रुतवून छापावेत. थराची उंची तंतूच्या व्यासापेक्षा थोडी कमी ठेवली की सांधे भक्कम होतात. २७ गेजची नोझल सुमारे ०.२ मिलिमीटरची असते, तिच्यासाठी ०.१५ मिलिमीटरचा थर चालतो. शंकूच्या आकाराची नोझल सुईपेक्षा कमी दाब मागते आणि पेशींना तेवढाच त्रास कमी होतो.

नववी पायरी: पेशींचे मत घेणे

आतापर्यंतच्या चाचण्या पेशींशिवाय झाल्या. विषारीपणाच्या पहिल्या तपासणीसाठी उंदराच्या एल-९२९ या तंतुपेशी वापरतात. भारतातल्या बहुतेक प्रयोगशाळा अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवतात. दर मिलिलिटरला १० ते ५० लाख पेशी घालून २४ तासांनी आणि सातव्या दिवशी जिवंत-मृत रंगाई करावी. पहिल्या दिवशीचे मृत्यू छपाईचे आणि प्रकाशाचे, सातव्या दिवशीचे बहुधा जेलच्या दाटपणाचे किंवा उपाशी गाभ्याचे. गाभ्यात मृत पेशी एकवटलेल्या दिसल्या तर चकती आडवी कापून पाहावी.

पहिल्या खऱ्या प्रयोगासाठी चार गट पुरेत: साधी इंक, अल्जिनेट-जेलमा, साधी इंक पीसीएलमध्ये, आणि अल्जिनेट-जेलमा पीसीएलमध्ये. चार गट, तीन वेळा, दर वेळी पाच चकत्या म्हणजे ६० चकत्या झाल्या. तुटणाऱ्या धरून ७० छापाव्या लागतात. एकीला ६ मिनिटे लागली तरी सात तास होतात आणि तेवढा वेळ पेशी सिरिंजमध्ये अन्नावाचून बसून राहतात. म्हणून काम दोन-तीन दिवसांत वाटावे, दर दोन तासांनी ताज्या पेशींची नवी सिरिंज भरावी आणि कोणत्या गटाची चकती कधी छापायची याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. नाहीतर ज्या गटाची पाळी नेहमी संध्याकाळी येते, तो कमकुवत ठरतो.